विकिपीडिया म्हणजे सत्काराची शाल नव्हे!

सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. दहावीपर्यंत मराठी हा माझ्यासाठी 'थर्ड लँग्वेज' नावाचा एक पेपर होता. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. मतं मात्र माझी आहेत, ती दुरुस्त करू नयेत!

विषय असा, की स्टार्टअप काढणाऱ्या माणसावर विकिपीडियात लेख असावा का? तुम्ही म्हणाल, हा काय मासिकात लिहायचा विषय आहे? पण आपल्या हॉस्टेलमध्ये दर तिसऱ्या खोलीत एक 'फाउंडर अँड सीईओ' राहतो. त्याचा लोगो तयार असतो, व्हिजिटिंग कार्ड तयार असतं, प्रॉडक्ट तेवढं व्हायचं असतं. पुढची पायरी म्हणून आता प्रत्येकाला 'विकी पेज' हवं असतं. गूगलवर नाव टाकलं की उजवीकडे फोटोसकट चौकट आली पाहिजे. इन्व्हेस्टर बघतो, म्हणे. आणि हो, लग्नाळू मुलीचे वडीलही बघतात!

मी दोन वर्षं फावल्या वेळात विकिपीडियावर थोडंफार लिहिते. ही गोष्ट आमच्याच डिपार्टमेंटच्या एका सिनिअर दादाला कळली. त्याची कंपनी शेतातला पंप मोबाईलवरून चालू-बंद करायचं यंत्र बनवते. माणूस अतिशय चांगला. रात्री दोन वाजता लाईट येते म्हणून विहिरीवर जाणारा शेतकरी त्याच्यामुळे घरी झोपतो, ही काही लहान गोष्ट नाही. तो म्हणाला, "अगं, माझ्यावर एक पेज टाक ना. मे महिन्यात इंटर्नशिपला ये, तेव्हा बाकीचं बोलू." सोबत ११ कात्रणांची फाईल पाठवली.

आता नियम काय आहे ते बघू. इंग्रजी विकिपीडियात याला 'नोटॅबिलिटी' म्हणतात, मराठीत 'उल्लेखनीयता'. माणूस किती हुशार, किती श्रीमंत, किती उपयोगी, हे तिथे कोणी मोजत नाही. प्रश्न एवढाच, की ज्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही अशा विश्वासार्ह लोकांनी त्याच्याबद्दल आपणहून, सविस्तर लिहिलं आहे का? कारण लेख लिहिणारे तुमच्या-माझ्यासारखे कोणीही असतात. आमच्या शब्दावर विश्वास ठेवायचं काहीच कारण नाही, म्हणून दुसऱ्याने तपासून छापलेलं लागतं.

ही चाळणी घेऊन मी फाईल वाचायला बसले. चार कात्रणं फंडिंग मिळाल्याची होती. चारींत तोच मजकूर, तेच वाक्य, फक्त वर्तमानपत्राचं नाव वेगळं. म्हणजे प्रेस नोट. भांडवल उभारल्याची बातमी ही नेहमीचीच बातमी, ती विकिपीडिया धरत नाही. तीन मुलाखती होत्या. मुलाखतीत माणूस स्वतःच स्वतःबद्दल बोलतो, ते 'स्वतंत्र' कसं होईल? दोन 'तरुण उद्योजक' पुरस्कार होते, त्यांत प्रवेश फी भरावी लागते. एक आपल्याच कॉलेजच्या न्यूजलेटरमधलं. उरलं एक. ते एका पत्रकाराने गावात जाऊन, शेतकऱ्यांशी बोलून लिहिलं होतं. वाचून खरंच बरं वाटलं. पण त्यात सगळं यंत्राबद्दल होतं, दादाबद्दल दोन ओळी. कंपनी प्रसिद्ध झाली म्हणून मालकावर आपोआप लेख होत नाही, हाही एक नियम आहे. उल्लेखनीयता सातबाऱ्यासारखी वारसाहक्काने मिळत नाही!

मी दादाला नाही म्हटलं. तो म्हणाला, "तिच्यावर आहे, त्याच्यावर आहे, मग माझ्यावरच का नाही?" हे म्हणजे सिग्नल तोडल्यावर पोलिसाला "तो पण तोडून गेला" म्हणण्यासारखं झालं. पण त्याचा दुसरा प्रश्न जास्त टोकदार होता. "म्हणजे पेपरवाल्यांनी लिहिलं तरच माणूस मोठा का?"

या प्रश्नाला उडवून लावता येत नाही. डोना स्ट्रिकलंड यांचंच बघा. कॅनडातल्या या भौतिकशास्त्रज्ञ बाईंवरचा कच्चा लेख मे २०१८ मध्ये पुरेसे स्वतंत्र संदर्भ नाहीत म्हणून नाकारला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं! लेसरवरचं त्यांचं काम होतं १९८५ चं. म्हणजे ३३ वर्षं काम जगासमोर होतं आणि बाईंवर सविस्तर लिहायला कोणाला वेळ नव्हता. विकिपीडिया हा आरसा आहे. जग ज्यांच्याकडे बघत नाही, ते आरशातही दिसत नाहीत. ही उणीव खरी आहे आणि बायकांना, खेड्यातल्यांना ती जास्त भोवते.

पण म्हणून चाळणीच फेकून द्यायची? मग आत कोण येईल? स्ट्रिकलंडबाई नाही येणार, त्या तर अर्ज करायलाही गेल्या नव्हत्या. येतील ते पैसे देऊन लिहून घेणारे. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने अशा धंद्यात गुंतलेली ३८१ खाती एका फटक्यात बंद केली. आपल्याकडे तर बातमीसुद्धा विकत मिळते. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये 'पेड न्यूज'वर सविस्तर अहवालच लिहिला होता.

आणि लेख मिळाला म्हणजे सत्कार झाला, हा तर मोठाच गैरसमज. एलिझाबेथ होम्सने २००३ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, थेरानोस काढली. रक्ताच्या थेंबावर शेकडो तपासण्या करू म्हणाली, मासिकांच्या कव्हरवर झळकली. २०१५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने बिंग फोडलं, २०२२ मध्ये ती फसवणुकीच्या खटल्यात दोषी ठरली. तिच्यावरचा लेख आजही आहे, भरपूर लांब आहे आणि तो तिला पुसता येत नाही. शाल घरी नेऊन कपाटात ठेवता येते. लेख तुमच्या मालकीचा नसतो. त्यात कोर्टकचेरीही येते आणि कोणी खोडसाळपणा केला तर तोही येतो. जॉन सीगनथॅलर या अमेरिकन पत्रकारावरच्या लेखात २००५ मध्ये कोणीतरी केनेडींच्या खुनाशी त्यांचा संबंध जोडला होता आणि ते चार महिने कोणाच्या लक्षातही आलं नाही. प्रसिद्ध माणसाच्या लेखावर हजारो डोळे असतात. आपल्या दादाच्या लेखावर कोण पहारा देणार? मी? माझी सबमिशन्स कोण करणार!

राहता राहिली इंटर्नशिप. मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने तसं जाहीर केलंच पाहिजे, असा नियम २०१४ पासून आहे, आणि त्यात इंटर्नही येतो. म्हणजे मी लिहिलं असतं तर 'हा माझा होणारा साहेब आहे' असं वर लिहावं लागलं असतं. इंटर्नशिपचं काय झालं? फोन आलेला नाही. मे जवळ आला आहे, आणि मी दुसरीकडे अर्ज केले आहेत. वाईट वाटतं, नाही असं नाही.

तरीही माझं मत ठाम आहे. फाउंडरवर लेख हवा, पण त्याच्या कामाचा माग घेत दुसरे लोक लिहू लागतील तेव्हा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली ती कोणा कोशात नाव यावं म्हणून नव्हे. नांगर शेतात चालला, कारखाना उभा राहिला, मग लिहिणारे आपोआप आले.

तोवर आपण एक करू शकतो. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. ठिबक सिंचन, पंपाचा स्टार्टर, थ्री फेज वीज, यांवर चांगल्या मराठीत लिहायला आपल्याइतकं सोयीचं कोण आहे? दादाचं यंत्र वापरणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा उपयोग होईल. दादाच्या जन्मतारखेचा त्याला काय उपयोग?

पटतंय का बघा. नसेल पटत, तर पुढच्या अंकात माझ्याविरुद्ध लिहा. फक्त संदर्भ द्यायला विसरू नका!