संगीताची वही जुलैत उघडावी

जूनच्या मध्याला शाळा भरतात. विदर्भात उन्हामुळे जरा उशिरा. तिसरीच्या वर्गात संगीताचा पहिला तास लागतो आणि फळ्यावर प्रश्न उमटतो : ‘संगीत म्हणजे काय?’ खाली व्याख्या, तिच्याखाली सात स्वरांची नावं, मग कोमल-तीव्रच्या खुणा. मुलं मुकाट्यानं उतरवून घेतात. घंटा होते, आणि तासभरात वर्गातून एकही सूर निघालेला नसतो.

या पद्धतीचे कैवारी म्हणतात, आधी पाया. स्वरांची ओळख नसेल, अलंकार घोटलेले नसतील, तर गाणं टिकणार कशाच्या जोरावर? आधार म्हणून पलुस्कर-भातखंडे ही नावं पुढे केली जातात. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, क्रमिक पुस्तकं लिहिली, स्वरलिपी बसवली, हे खरंच. पण त्यांच्यापुढे बसलेला विद्यार्थी गाणं शिकायचं ठरवून आला होता. तिसरीतलं मूल वेळापत्रकात तास आहे म्हणून बसलेलं असतं. भातखंड्यांचा दाखला तर उलटाच पडतो. गवय्यांच्या दारी जाऊन त्यांनी चिजा मिळवल्या आणि मग लिहून काढल्या. त्यांच्या कामातही गाणं आधी होतं, कागद नंतर.

हंगेरीत झोल्तान कोदाय यांच्या विचारांवर केच्केमेत इथे १९५० मध्ये गायनाला मध्यवर्ती स्थान देणारी प्राथमिक शाळा सुरू झाली. तिथला क्रमही हाच : लोकगीत गायचं, त्यातले स्वर कानानं ओळखायचे, खूण शेवटी. कोणत्याही पट्टीला ‘सा’ मानून गाण्याची आपली रीत कोदाय यांच्या पद्धतीला इंग्लंडमधल्या सरगम-शिक्षणातून उचलावी लागली. आपल्याकडे ती घरचीच असून आपण ती व्याख्येखाली पुरतो.

दुसरी प्रथा याहून घातक. पहिल्याच आठवड्यात एकेकाला उभं करून गाऊन घ्यायचं. ‘गळा असलेली’ मुलं समूहगीताला, उरलेली टाळ्या वाजवायला. इझाबेल पेरेत्झ आणि डॉमिनिक वुवान यांच्या २०१७ च्या अभ्यासात जन्मजात स्वरबधिरतेचं प्रमाण सुमारे दीड टक्का आढळलं. म्हणजे चाळीसांच्या वर्गात असं मूल फार तर एखादं, बहुधा तेही नाही. मग इतकी मुलं बेसूर का वाटतात? पुष्कळदा दोष पट्टीचा असतो. गुरुजी आपल्या सोयीच्या खालच्या सुरात गातात. मुलांचे स्वरतंतू आखूड, आवाज उंच. तो खर्ज गाठायला गेलं की मूल घोगरतं, आणि शेरा बसतो : ‘याला सूरच नाही.’ पेटीवर वरचं सप्तक धरलं, तर त्यांतली कित्येक मुलं सुरात येतात.

एक आक्षेप मात्र खरा आहे : शिकवणार कोण? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी आणि शंभराहून अधिक पट असेल तरच. पहिली ते पाचवीला तेवढंही नाही. ही तक्रार शासनदरबारी मांडायलाच हवी. पण तिच्यातून व्याख्यांची बाजू सिद्ध होत नाही. ज्या वर्गशिक्षिकेला स्वरलिपी येत नाही, तिलाही ओवी येते, बडबडगीत येतं, ठेका धरता येतो. तिच्याकडून सरगम लिहून घेण्यापेक्षा तिला गाऊ देण्यात मुलांचा लाभ अधिक.

मग पहिल्या महिन्यात करावं काय? हजेरीपासून सुरुवात करता येते. बाईंनी नाव दोन सुरांत पुकारावं, मुलानं त्याच सुरांत ‘हजर’ म्हणावं. परीक्षेचं नावही न काढता प्रत्येक मूल रोज एकटं गातं, आणि कुणाला कुठली पट्टी सोसते हे बाईंना आठवडाभरात कळतं. पाऊस सुरू झालेला असतो, पावसाची गाणी मुलांच्या तोंडी असतातच. शिवाय आषाढी जवळ येते. कितीतरी शाळांतून त्या दिवशी बालदिंडी निघते, पण टाळ आदल्या दिवशी मुलांच्या हाती पडतात. तेच पहिल्या आठवड्यात द्यावेत. टाळ नसतील, तर डब्याची झाकणं चालतील. भजनी ठेका आठ मात्रांचा. पायांनी चालत, हातांनी वाजवत तो अंगात भिनू द्यावा.

दिंडी झाली की वह्या काढाव्यात. एका ओळीत आठ चौकोन आखायचे आणि पावलं टाकताना टाळ कुठे वाजला, त्या चौकोनात फुली मारायची.