खेळांच्या शहरातले प्रेक्षक

"अहो, या वयात हे कुणी सांगितलंय तुम्हाला?"

मंडळी, गेल्या डिसेंबरात डॅलसमध्ये हाफ मॅरेथॉन पुरी केली. त्याच संध्याकाळी लंगडत एका मित्राकडे जेवायला गेलो, तेव्हा दारातच असं स्वागत झालं. अभिनंदन नंतर, बटाटेवड्याबरोबर! अंतर २१.१ किलोमीटर, वेळ २ तास ५१ मिनिटे. माझ्या मागे फारसं कुणी नव्हतं, हे आधीच कबूल करून टाकतो. हा लेख माझ्या पदकाबद्दल नाहीच. तो त्या प्रश्नाबद्दल आहे.

'या वयात' म्हणजे सेहेचाळिसाव्या वर्षी. या वयात नवं घर घेतलेलं चालतं, नोकरी बदललेली चालते, रात्री दोनपर्यंत पत्ते कुटलेले चालतात. धावलेलं तेवढं चालत नाही. धावायचं ते मुलांनी!

आपलं फ्रिस्को स्वतःला 'स्पोर्ट्स सिटी यूएसए' म्हणवतं. २००० साली इथे ३३,७१४ माणसं होती, २०२० च्या जनगणनेत २,००,५०९ झाली. त्या वाढीत आपणही आलो. आणि या खेळांच्या शहरात आपण काय करतो? ड्रायव्हरची नोकरी. शनिवारी आठला सॉकर, दहाला पोहणं, दुपारी टेनिस. आपण घडीच्या खुर्चीत, एका हातात कॉफी, दुसऱ्यात फोन. मुलं घाम गाळतात, आपण गॅस जाळतो. कार्यसिद्धी हनुमानाच्या दर्शनाला जातानासुद्धा दाराजवळचं पार्किंग मिळावं म्हणून दोन प्रदक्षिणा घालतो, त्याही गाडीतून! समर्थांनी गावोगावी मारुती स्थापले ते बलोपासनेसाठी. आपण नारळ फोडून मोकळे.

इथवर हसून घ्या. पुढचं हसण्यासारखं नाही.

माझे वडील त्रेपन्नाव्या वर्षी ऑफिसला जाताना बसस्टॉपवर कोसळले, ते उठलेच नाहीत. पंचेचाळिसाव्या वर्षी माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला, तेव्हा मला तो बसस्टॉप दिसला. २०१८ साली अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी कोलेस्टेरॉलबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात हृदयविकाराची जोखीम वाढवणाऱ्या गोष्टींच्या यादीत 'दक्षिण आशियाई वंश' असं स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे तुमचं-माझं नाव जन्मापासूनच त्या यादीत! मुलांच्या कॉलेजसाठी आपण पै-पै साठवतो. पण त्यांच्या पदवीदानाला आपण असू की नाही, याचा हिशेब कोण करणार?

आता नेहमीच्या सबबी घेऊ.

"गुडघे जातील." २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून निष्कर्ष काढला गेला. हौशी धावणाऱ्यांत गुडघ्याच्या आणि खुब्याच्या झिजेचं प्रमाण ३.५ टक्के, बैठं जगणाऱ्यांत १०.२ टक्के. तेव्हा गुडघ्यांची काळजी असेल तर आधी सोफ्याची करा.

"हे आपल्या लोकांचं काम नाही." बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेने २०२० साली दिल्लीत हेच अंतर १ तास ३० सेकंदांत कापलं. तो भारतीय विक्रम होता. ते जमणारं नाही म्हणता? मग बारामतीच्या लताबाई करे आठवा. साठी उलटलेली बाई नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून नऊवारीत, अनवाणी धावली आणि जिंकली. त्यांच्यावर २०२० साली सिनेमा आला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. आपल्याकडे तर शंभर डॉलरचे बूट आहेत. खोक्यात!

"वेळ नाही." ज्या डॉ. केनेथ कूपर यांनी १९६८ साली 'एरोबिक्स' हे पुस्तक लिहून जगाला पळायला लावलं, त्यांचं केंद्र डॅलसमध्ये आपल्याच प्रेस्टन रोडवर आहे. त्याच्यावरून जाताना ट्रॅफिकमध्ये अडकायला मात्र आपल्याला भरपूर वेळ असतो.

मी काय केलं? डॉक्टरांना विचारलं आणि जूनमध्ये सुरुवात केली. एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं. टेक्सासचा उन्हाळा, म्हणून पहाटे साडेपाचला. पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत धाप लागली. नोव्हेंबरात अकरा मैल झाले. बस, एवढंच.

शर्यतीत दहाव्या मैलाला पोटऱ्या दगड झाल्या. सत्तरीच्या एक आजी मला मागे टाकून शांतपणे पुढे गेल्या. शेवटच्या वळणावर माझी मुलगी हातात पुठ्ठा घेऊन उभी होती. त्यावर मोठ्या अक्षरांत 'बाबा' लिहिलेलं. बारा वर्षं मी तिला मैदानाबाहेरून पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदाच ती प्रेक्षक होती आणि मी मैदानात. तिच्या डोळ्यांत जे दिसलं ते घडीच्या खुर्चीत बसून मिळत नाही.

आता मंडळाला एक विनंती, किंवा तक्रार म्हणा. संक्रांत, गणपती, दिवाळी, प्रत्येक कार्यक्रमाला आपल्याकडे भोजन समिती असते. श्रीखंड कमी पडलं तर ईमेलींचा पाऊस पडतो. सभासदांच्या हृदयासाठी मात्र एकही समिती नाही. खर्च काही नाही. पत्रकात एक ओळ घाला: दर शनिवारी सकाळी सहा वाजता, फ्रिस्को कॉमन्स पार्क, चालणारे आणि धावणारे सगळे.

मंडळाने नाही घातली, तरी मी तिथे असेनच. पुढच्या वर्षी मला कुणी "या वयात?" असं विचारलं, तर उत्तर द्यायला माझ्या शेजारी आणखी दहाजण धापा टाकत उभे असावेत, एवढीच इच्छा!