तगरीवरचा शिंगवाला पाहुणा

तगरीच्या शेंड्याची पाने एका रात्रीत नाहीशी झाली आणि कुंडीखाली काळ्या लेंड्या दिसल्या, की घरात पहिली आठवण होते ती कीटकनाशकाच्या पुडीची. ती पुडी क्षणभर बाजूला ठेवा आणि उरलेल्या पानांच्या पाठी पाहा. बोटाएवढी जाड हिरवी अळी, अंगाच्या कडेला पांढरी रेघ, शेपटाशी आखूड पिवळसर शिंग आणि डिवचताच मानेशी वटारलेले दोन निळे डोळे, एवढ्या खुणा पटल्या की समजावे, ही कण्हेरीवरच्या पतंगाची अळी!

शिंग टोचत नाही. निळे डोळेही खोटेच, पाखरांना भिववण्यापुरते. जपायचे ते कण्हेरीच्या विषारी चिकाला. अळीला तो पचतो, माणसाला बाधतो. मुलांनी फांदी हाताळली, तर त्यांचे हात धुववून घ्यावेत.

पोटभर खाऊन झाले की अळी तपकिरी होते, खाली उतरते आणि पाचोळ्यात कोश करते. सुमारे दोन आठवड्यांनी त्यातून हिरव्या, गुलाबी नक्षीचा, पंख पसरल्यावर चार इंच भरणारा पतंग निघतो. तिन्हीसांजेला फुलापुढे अधांतरी राहून तो लांब सोंडेने मध पितो. लिनियसने १७५८ साली त्याला शास्त्रीय नाव दिले, तेही कण्हेरीवरूनच.

तगरीला पाने पुन्हा फुटतात. रोप लहान असेल, तर अळ्या फांदीसकट मोठ्या झाडावर ठेवाव्यात. आणि दिवाळीच्या झाडलोटीत तगरीखालचा पाचोळा तेवढा राहू द्यावा!