माइक द्या ना, भाऊ!

शनिवारची रात्र, हायवेवरचं हॉटेल, शेवभाजी यायचीय. कोपऱ्यात कीबोर्डवाला गातोय. अशा वेळी प्रत्येक ग्रुपमधला एक हीरो उठतोच. परवा धुळ्यात ती हीरो मी होते!

मुखडा झोकात झाला, अंतऱ्याला आवाज फाटला. पुढच्या म्युझिकमध्ये कीबोर्डवाल्याने गुपचूप पट्टी खाली उतरवली. मी ओळ विसरले, तो घुटमळला. टाळ्या मात्र मला!

जपानमधला दाइसुके इनोऊए हेच काम करायचा. कोबेच्या क्लबमध्ये गिऱ्हाइकं गायची, तो साथ द्यायचा. एका साहेबाने ऑफिसच्या सहलीला बोलावलं. जाता येईना, म्हणून त्याने साथ टेपवर भरून दिली. त्यातूनच १९७१मध्ये त्याचं कॅराओके मशीन आलं. पेटंट मात्र त्याने घेतलंच नाही.

पण बॉस, मशीन आपल्यासाठी थांबत नाही. माणूस थांबतो. जळगाव असो की धुळे, माइक मागा जरूर. फक्त एकच गाणं, तेही त्याच्या ब्रेकआधी. आणि परत देताना टिपसोबत त्याचं नावही विचारा. मी विचारायला विसरले, तेच अजून खटकतंय.