बाद फेरी पकडीवर जिंकली जाते

प्रो कबड्डीचे साखळी सामने संपत आले की भिंगारच्या कॅम्पातल्या टपऱ्यांवर चहाबरोबर एकच हिशेब चालतो: कोणाकडे कोण चढाईपटू आहे? मोठा चढाईपटू ज्याचा, तो संघ भारी. बचाव काय, सांभाळून घेईल. हे मत इतकं मुरलंय की त्याला कोणी पुरावासुद्धा मागत नाही. मला ते साफ नामंजूर आहे.

त्या मताची बाजू आधी पुरती मांडतो, कारण ती पोकळ नाही. 2017च्या पाचव्या हंगामात प्रदीप नरवालने चढाईचे 369 गुण घेतले. बाद फेरीत हरियाणाविरुद्ध एकट्याचे 34, अंतिम सामन्यात 19, आणि पाटण्याने गुजरातला 55-38 असं लोळवलं. पुढच्या हंगामाच्या अंतिम सामन्यात बंगळुरूच्या 38 गुणांपैकी 22 एकट्या पवन सेहरावतचे. हे सामने पाहिलेला माणूस चढाईपटूच्या नावाने शपथ घेणारच.

पण पुढची हकिकत कोणी सांगत नाही. पाचव्या हंगामात प्रदीपच्या जोडीला मोनू गोयत होता. तो दुसऱ्या संघात गेला, प्रदीप राहिला, आणि पाटणा सलग दोन हंगाम बाद फेरीबाहेर. त्यातल्या दुसऱ्या हंगामात तर प्रदीपने 302 गुण काढले होते! त्याच सातव्या हंगामाचा अंतिम सामना आठवा. दिल्लीच्या नवीन कुमारने 18 गुण घेतले. समोर बंगालचा कर्णधार आणि मुख्य चढाईपटू मणिंदर सिंग दुखापतीमुळे बाहेर बसलेला. तरी जिंकला बंगाल, 39-34. आठव्या हंगामासाठी यूपीने 1 कोटी 65 लाख मोजून प्रदीपला नेलं. त्याच्याविना पाटणा साखळीत पहिला आला आणि उपांत्य सामन्यात त्याच यूपीला 38-27 हरवून गेला. त्या पाटण्याकडे पकडीचे 89 गुण घेणारा इराणचा मोहम्मदरेझा शादलुई होता. आणि दहाव्या हंगामात तेलुगू टायटन्सने पवनवर 2 कोटी 60 लाख 50 हजार लावले, तर पदरात 22 सामन्यांतून 2 विजय आणि शेवटचा क्रमांक.

याचं कारण खेळाच्या नियमातच आहे. चढाईपटू कितीही मोठा असो, एकदा पकडला गेला की बाकावर जातो आणि तिथून स्वतःच्या बळावर परत येऊ शकत नाही. त्याला उठवायचं ते बाकीच्यांनी: कोणीतरी पकड करायची, नाहीतर दुसऱ्या चढाईपटूने गडी मारून आणायचा. बाद फेरीत प्रतिस्पर्धी नेमका यावरच डाव रचतो. पहिल्या दोन चढाया कोरड्या जाऊ देतो, तिसऱ्या, म्हणजे करो या मरोच्या चढाईला तुमच्या हुकमी गड्याला आत यायला लावतो. तो बोनससाठी पाय लांबवतो, कोपरारक्षक घोट्यावर झेप घेतो, शेजारचा कंबरेला मिठी घालतो, आणि तुमचा कोटीचा माणूस पाच-सात मिनिटं टाळ्या वाजवत बसतो. ती पाच-सात मिनिटं संघ कसा काढतो, यावर संघाची ताकद ठरते.

पुणेरी पलटणने दहावा हंगाम असाच काढला. साखळीत 17 विजय, फक्त 2 पराभव, 96 गुण. कर्णधार आपल्या नगर जिल्ह्याचा असलम इनामदार. हंगामातला सर्वोत्तम चढाईपटू ठरला दिल्लीचा आशू मलिक, 276 गुणांनी. त्याची दिल्ली बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात पाटण्याकडून 35-37 गारद झाली. सर्वोत्तम बचावपटू मात्र पुण्याचा शादलुई, पकडीचे 99 गुण. 1 मार्च 2024ला हैदराबादच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला 13-10 अशी आघाडी होती आणि शेवट 28-25. पंकज मोहितेचे 9 गुण सर्वाधिक. एवढ्या गुणांवर विजेतेपद मिळतं ते मागची फळी समोरच्याला 25वर थोपवते म्हणूनच.

कोणी म्हणेल, अकराव्या हंगामात असलम जायबंदी झाला आणि पुणे बाद फेरीपर्यंतही पोचलं नाही. मग एका माणसावर सगळं असतंच ना? असलमची उणीव भासली, हे खरंच. पण त्याच वर्षी शादलुई हरियाणाला गेला होता, हे विसरू नका. आणि बालेवाडीच्या अंतिम सामन्यात हरियाणाने पाटण्याला 32-23 हरवलं. पाटण्याकडे 301 गुणांचा देवांक दलाल होता, तरी संघ 23वरच अडकला.

बाद फेरीत एका सामन्यावर सगळं ठरत असल्याने भक्कम संघही हरतो. बाराव्या हंगामात साखळीत पहिलं आलेलं पुणे अंतिम सामन्यात दिल्लीकडून 28-31 हरलंच. अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉलमध्ये सात सामन्यांची मालिका असते, तिथे नशिबाला वाव कमी. तिथेही 2004 साली ओनील, ब्रायंट, मलोन, पेटन अशी चार बडी नावं घेऊन उतरलेल्या लेकर्सना डेट्रॉइटने निव्वळ बचावाच्या जोरावर 4-1 असं झोपवलं. म्हणजे ही गोष्ट एकट्या कबड्डीची नाही.

भिंगारच्या आणि जिल्ह्यातल्या मंडळांच्या प्रशिक्षकांना म्हणून विनंती आहे. संध्याकाळी सरावाला आलेलं प्रत्येक पोर चढाईच्या रांगेत उभं राहतं, आणि कोपऱ्यात कोण, तर ज्याला चढाई जमत नाही तो. ही वाटणी बदला. सरावाचा अर्धा वेळ पकडीला द्या, साखळी धरून एकत्र पुढे-मागे सरकायला शिकवा, आणि चांगल्यातला चांगला मुलगा डाव्या कोपऱ्यात उभा करा.