अटक का झाली, हे कागदावर आणि कळेल अशा भाषेत: या साध्या हक्काला एवढी वर्षं का लागली?

रात्री दहाच्या सुमाराला दोन पोलीस दारात येतात. 'साहेबांनी बोलावलंय, चला' एवढंच सांगतात आणि घरातल्या माणसाला गाडीत बसवून नेतात. तो साक्षीदार आहे, संशयित आहे की आरोपी, हे घरच्यांना पुढचे काही तास कळत नाही. सकाळी पोलीस ठाण्यात चौकशी केली तर 'कलम लागलंय, कोर्टात या' असं उत्तर मिळतं. तक्रार कुणाची आणि या माणसानं नेमकं केलं काय, हे वकिलाला समजेपर्यंत कोठडीचा आदेश निघालेला असतो.

सुप्रीम कोर्टाचा 6 नोव्हेंबर 2025 चा एक निकाल थेट या दृश्याबद्दल आहे. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठानं सांगितलं, की गुन्हा कोणत्याही कायद्याखालचा असो, अटक का केली हे अटक झालेल्या माणसाला लेखी आणि त्याला समजणाऱ्या भाषेत दिलंच पाहिजे. घटनास्थळी लगेच लिहून देणं शक्य नसेल तर तोंडी सांगावं, पण रिमांडसाठी मॅजिस्ट्रेटसमोर उभं करण्याच्या किमान दोन तास आधी तो कागद त्याच्या हातात असायला हवा. तसं झालं नाही तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा ठरतील आणि त्या माणसाला सोडावं लागेल.

वरळीच्या अपघातातून आलेला प्रश्न

हा निकाल मुंबईतल्या एका खटल्यातून आला, हे अनेकांना खटकलं. जुलै 2024 मध्ये वरळीत एका आलिशान गाडीनं स्कूटरवरून जाणाऱ्या दाम्पत्याला धडक दिली. त्यात महिलेचा मृत्यू झाला. गाडी चालवणारा तरुण पसार झाला आणि दोन दिवसांनी पकडला गेला. राज्यभर संताप उसळला तो त्याच्या घरच्या पैशामुळे आणि राजकीय संबंधांमुळे. पुढे त्यानं मुंबई हायकोर्टात सांगितलं, की अटकेची कारणं आपल्याला लेखी दिली गेली नाहीत, म्हणून अटकच बेकायदा आहे. हायकोर्टानं नोव्हेंबर 2024 मध्ये ते फेटाळलं. गुन्हा गंभीर आहे आणि आपल्याला का पकडलंय हे आरोपीला माहीतच होतं, असा त्यामागचा विचार होता.

तो विचार व्यवहाराला धरून आहे. माणूस चिरडून पळालेल्याला 'तुला का पकडलं' हे कागदावर लिहून द्यायची गरज काय, असं कुणीही विचारेल. पण 'त्याला माहीतच असेल' हा नियम एकदा मान्य केला की तो निर्दोष माणसालाही लागू होतो. ज्यानं काही केलेलंच नाही, त्याला आपण का पकडले गेलो हे मुळीच माहीत नसतं. कागदाची खरी गरज त्यालाच असते.

सुप्रीम कोर्टानं अपघाताच्या दोष-निर्दोषाचा निवाडा न करता कायद्याचा प्रश्न सोडवला आणि ही पद्धत यापुढच्या अटकांना लागू राहील असं सांगितलं.

आंबेडकरांनी केलेली भरपाई

हा हक्क नवा नाही. राज्यघटनेच्या कलम 22 (1) नुसार अटक झालेल्या माणसाला शक्य तितक्या लवकर कारणं सांगितल्याशिवाय कोठडीत ठेवता येत नाही आणि पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्यापासून रोखता येत नाही. कलम 22 (2) नुसार प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत त्याला मॅजिस्ट्रेटसमोर न्यावं लागतं.

या कलमामागची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. आज 21 क्रमांकाचं असलेलं जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचं कलम घटना समितीत मंजूर झालं, तेव्हा त्यात 'कायद्यानं ठरवून दिलेल्या पद्धतीनं' कुणाचंही स्वातंत्र्य काढून घेता येईल अशी रचना राहिली. म्हणजे संसदेनं कायदा केला की काम झालं, तो कायदा न्याय्य आहे की नाही हे कोर्टानं बघायचं नाही. यावर बरीच नाराजी होती. सप्टेंबर 1949 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अटकेसंबंधीचं नवं कलम मांडलं, ते या उणिवेची भरपाई म्हणूनच. कारण सांगणं आणि 24 तासांत कोर्टात नेणं या दोन्ही गोष्टी फौजदारी प्रक्रिया संहितेत आधीपासून आहेत, हे त्यांनी मान्य केलं. मात्र एकदा त्या घटनेत गेल्या की संसदेला किंवा विधिमंडळाला साध्या कायद्यानं त्या पुसून टाकता येणार नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता.

तरतूद पुसली गेली नाही खरी, पण वापरात ती झिजली. 'सांगणं' म्हणजे काय, हे पोलिसांवर राहिलं. स्टेशन डायरीत 'आरोपीस अटकेची कारणे समजावून सांगितली' असं एक वाक्य लिहिलं की काम भागायचं. खाली आरोपीची सही किंवा अंगठा. ते वाक्य खरं की खोटं हे तपासायला कोणतंही साधन नव्हतं.

इथे एक विचित्र गोष्ट आहे. खटला न चालवता माणसाला आत ठेवणाऱ्या प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेच्या बाबतीत सुप्रीम कोर्ट कितीतरी आधीपासून कडक होतं. 1962 च्या हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात स्थानबद्ध माणसाला इंग्रजी येत नसताना कारणं इंग्रजीत दिली होती. कोर्टानं ते पुरेसं मानलं नाही. 1981 मध्ये गुजराती भाषिकाच्या बाबतीत, अधिकाऱ्यानं तोंडी गुजरातीत समजावलं होतं हा बचावही कोर्टानं नाकारला आणि कारणं त्या माणसाच्या भाषेत लेखीच हवीत असं सांगितलं. म्हणजे स्थानबद्ध माणसाला आपल्या भाषेतला कागद मिळायचा, आणि मोबाइल चोरीच्या संशयावरून पकडलेल्याला तोंडी दोन शब्द. साध्या अटकेच्या बाबतीत हा प्रश्न लावून धरायला फारसं कुणी कोर्टात गेलंच नाही.

2023 पासून काय बदललं?

बदलाला सुरुवात झाली ईडीमुळे. पंकज बन्सल खटल्यात ईडीचं म्हणणं होतं, की अटकेची कारणं आरोपींना वाचून दाखवली. देशात काही ठिकाणी ईडी लेखी प्रत देत होती आणि काही ठिकाणी फक्त वाचून दाखवत होती, हेही समोर आलं. नुकत्याच अटक झालेल्या, घाबरलेल्या माणसाला पानंच्या पानं वाचून दाखवली तर त्यातलं वकिलाला सांगण्याइतकं काय लक्षात राहणार, असा कोर्टाचा सवाल होता. शिवाय वाचून दाखवलं की नाही यावर वाद झाला तर एकाच्या शब्दाविरुद्ध दुसऱ्याचा शब्द एवढंच उरतं. म्हणून यापुढे लेखी प्रत द्या, असं कोर्टानं 3 ऑक्टोबर 2023 रोजी सांगितलं.

योगायोग असा, की त्याच दिवशी दिल्ली पोलिसांनी 'न्यूजक्लिक'चे संपादक प्रबीर पुरकायस्थ यांना यूएपीएखाली अटक केली. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाच्या आत त्यांना रिमांडसाठी न्यायाधीशांसमोर नेलं, आणि त्यांच्या स्वतःच्या वकिलाला वेळेत कळवलं गेलं नव्हतं. मे 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं ही अटक आणि रिमांड बेकायदा ठरवून त्यांच्या सुटकेचा आदेश दिला.

त्या निकालातला एक फरक सामान्य वाचकानं लक्षात ठेवण्यासारखा आहे. पोलिसांच्या अटक फॉर्मवर छापील कारणं असतात: आरोपीनं पुन्हा गुन्हा करू नये, पुरावा नष्ट करू नये, तपास नीट व्हावा. ही कारणं कुणालाही लागू पडतात, जणू रबरी शिक्काच. कोर्टाला हवा आहे तो त्या विशिष्ट माणसाविरुद्धचा आधार. त्यानं कधी, कुठे, काय केल्याचा आरोप आहे आणि कशावरून? 'दुकानफोडी प्रकरणात सहभाग' एवढं लिहिलं तर वकील काहीच करू शकत नाही. 'अमुक तारखेला रात्री दोन वाजता अमुक दुकानाच्या सीसीटीव्हीत दिसला' असं लिहिलं तर तो विचारू शकतो, की त्या रात्री माझा अशील दुसऱ्या गावात पाळीवर होता, हजेरीपट बघा.

ईडी आणि यूएपीए हे खास कायदे झाले. साध्या गुन्ह्यांचं काय? फेब्रुवारी 2025 मध्ये विहान कुमार खटल्यात न्या. अभय ओक आणि न्या. एन. कोटीश्वर सिंह यांनी तेही स्पष्ट केलं. आरोप फसवणुकीसारखे होते. अटकेनंतर आरोपीला हॉस्पिटलच्या खाटेला साखळीनं बांधून ठेवलं होतं. कारणं सांगितली हे सिद्ध करायची जबाबदारी पोलिसांची आहे आणि नंतर आरोपपत्र दाखल केल्यानं मूळची चूक धुतली जात नाही, असं कोर्टानं म्हटलं.

पण चित्र सरळ राहिलं नाही. ऑगस्ट 2025 मध्ये खुनाच्या खटल्यातल्या एका कन्नड अभिनेत्याचा जामीन रद्द करताना सुप्रीम कोर्टाच्याच दुसऱ्या खंडपीठानं सांगितलं, की लेखी कारणं दिली नाहीत एवढ्यावरून अटक आपोआप बेकायदा होत नाही, आरोपीचं त्यामुळे नुकसान झालं हे दिसलं पाहिजे. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत नोव्हेंबरचा निकाल आला. दोन्ही खंडपीठं दोन न्यायमूर्तींचीच आहेत. खालच्या कोर्टात सरकारी वकील एक निकाल पुढे करणार आणि बचावाचे वकील दुसरा, हे उघड आहे.

भाषेची अट आणि तिची अडचण

'समजणाऱ्या भाषेत' ही अट महाराष्ट्रात वाटते तेवढी सोपी नाही. इथे एफआयआर आणि रिमांडचा अर्ज बहुधा मराठीत असतो. समजा, नवी मुंबईतल्या बांधकामावर काम करणारा ओडिशाचा मजूर चोरीच्या संशयावरून पकडला गेला. त्याला मोडकीतोडकी हिंदी बोलता येते, वाचता फक्त ओडिया येतं. रात्रीच्या पाळीतल्या अधिकाऱ्याकडे ओडिया लिहिणारा माणूस कुठून असणार? गडचिरोलीत तर अडचण आणखी खोल आहे. तिथल्या गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या माणसाला ती भाषा लिहिलेली वाचता येईलच असं नाही. देशातल्या कितीतरी आरोपींना कोणतीच भाषा वाचता येत नाही.

मग कागदाचा उपयोग काय? उपयोग आहे. कागद आरोपीनंच वाचायला हवा असं नाही. तो त्याच्या भावाला, कंत्राटदाराला, कोर्टातल्या मोफत विधी सेवेच्या वकिलाला दाखवता येतो. तोंडी सांगितलेलं मात्र कुणालाच दाखवता येत नाही. तरी भाषांतराची सोय पोलीस ठाण्यात उभी राहिली नाही, तर मराठी मजकुराखाली 'हिंदीत समजावून सांगितले' असं लिहून अंगठा घेण्याची जुनी वाट मोकळीच राहील.

दोन तासांच्या अटीचंही तसंच. रिमांड कोर्टात विधी सेवेच्या वकिलाला एकेका आरोपीसाठी अनेकदा काही मिनिटंच मिळतात. दोन तास आधी कागद आरोपीच्या हातात असला, तरी वकिलाची नेमणूक रिमांडच्या क्षणीच होत असेल तर त्या दोन तासांत तो कागद वाचणार कोण?

फायदा कुणाला?

ज्या खटल्यांतून हा कायदा घडला त्यांतले आरोपी बघितले, तर बांधकाम व्यवसायातली मंडळी, संपादक, राजकीय घरातला तरुण अशी यादी होते. सुप्रीम कोर्टापर्यंत जाण्याची ताकद त्यांच्याकडे होती. 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5 लाख 73 हजार कैदी होते आणि त्यांतले 4 लाख 34 हजार कच्चे कैदी, म्हणजे दोष सिद्ध न झालेले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे हे आकडे आहेत. या चार लाखांतले बहुतेक लोक असा मुद्दा घेऊन दिल्लीला जाऊ शकत नाहीत. श्रीमंत आरोपीनं मिळवलेला नियम म्हणून तो टाकाऊ ठरत नाही, पण तो आपोआप खाली झिरपतो असंही नाही.

गुन्हेगार तांत्रिक चुकीवर सुटतील, ही भीती मात्र वाटते तेवढी मोठी नाही. अटक बेकायदा ठरली तरी गुन्हा रद्द होत नाही, तपास आणि खटला चालूच राहतो. नोव्हेंबरच्या निकालानुसार अशी सुटका झाल्यावरही पोलीस लेखी कारणं देऊन पुन्हा कोठडी मागू शकतात आणि मॅजिस्ट्रेटनं शक्यतो आठवड्याभरात त्यावर निर्णय द्यायचा आहे. पोलिसांकडून मागितलं जातंय ते एवढंच, की अटक करायला जेवढी माहिती पुरेशी वाटली, ती एका कागदावर उतरवा.

निकालाची प्रत सर्व हायकोर्टांच्या रजिस्ट्रार जनरलना आणि राज्यांच्या मुख्य सचिवांना पाठवायचा आदेश आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कारणं सांगण्याचं कलम 47 आणि नातेवाइकांना कळवण्याचं कलम 48 आहेच. आता सगळं येऊन थांबतं ते तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटपाशी. सकाळच्या गर्दीत, समोर दहा-बारा आरोपी रांगेत उभे असताना, 'कागद कधी मिळाला आणि त्यात काय लिहिलंय ते तुला कळलं का' हे त्यांनी प्रत्येकाला विचारायचं आहे.