पेटी घेण्याआधी

स्टीव्ह हॅकेटच्या गिटारवर तुमचा जीव असेल, तर ‘प्रेमोनिशन्स’ हे नाव तुमच्या कानावर आलेलं असणारच. 2015 साली निघालेला हा बॉक्स सेट. 10 सीडी, 4 डीव्हीडी, वर रॉजर डीनचं चित्र. हॅकेटनं 1975 ते 1983 या काळात कॅरिझ्मा या कंपनीसाठी जे काम केलं, ते यात एकत्र केलं आहे.

असा संच कुठे विक्रीला दिसला की छातीत धडधड होते. एकच नग शिल्लक आहे, असं खाली लिहिलेलं असतं. मग माणूस घाई करतो.

तुम्ही घाई करू नका. हा संच वाईट नाही. उलट त्यातला काही भाग फार सुंदर आहे. पण तो सगळ्यांसाठी नाही. तुमच्यासाठी आहे की नाही, हे पैसे भरण्याआधी कळायला हवं. त्यासाठी दोन संध्याकाळी शांतपणे बसा. तेवढं पुरेल.

आधी एक गोष्ट तपासा. तुम्ही हॅकेटकडे आलात कुठून?

बरेच जण जेनेसिसमधून येतात. 1971 साली तो त्या बँडमध्ये गेला आणि 1977 साली बाहेर पडला. ‘फॉक्सट्रॉट’, ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’, ‘द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’ हे सगळे त्या वर्षांतले अल्बम. ‘फर्थ ऑफ फिफ्थ’मधली ती लांब, रडवेली गिटार ऐकून तुम्ही त्याचे झाला असाल, तर नीट ऐका: ती या पेटीत नाही. जेनेसिसचा एकही अल्बम यात नाही. हे त्याचं स्वतःचं, वेगळं काम आहे. तुम्हाला हवी ती 1973 सालची गिटार असेल, तर ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’ हा एक अल्बम घ्या आणि निवांत ऐका. बाकीचे पैसे घरात राहू द्या.

संच ओळखण्यातही गफलत होऊ शकते. 2018 साली हॅकेटचा आणखी एक संच आला, ‘ब्रोकन स्काइज आउटस्प्रेड विंग्ज’. त्यात 1984पासूनचं काम आहे. दोन्ही पेट्या शेजारी शेजारी विकायला असतात. पाकिटावरची वर्षं वाचल्याशिवाय बटण दाबू नका.

आता पेटीत आहे काय ते बघू. मूळ सहा अल्बम. 1975चा ‘व्हॉयेज ऑफ द अ‍ॅकोलाइट’, 1978चा ‘प्लीज डोन्ट टच’, 1979चा ‘स्पेक्ट्रल मॉर्निंग्ज’, 1980चा ‘डिफेक्टर’, 1981चा ‘क्युअर्ड’ आणि 1983चा ‘हायली स्ट्रंग’. सोबत त्या काळातल्या मैफिली आणि इकडेतिकडे विखुरलेली गाणी.

या सहातले तुम्ही किती ऐकलेत? मनाशी खरं उत्तर द्या. एखादं गाणं यादीत आलं म्हणून कानावर पडणं वेगळं. अल्बम लावून बसणं वेगळं.

ऐकले नसतील तर आधी ऐका. तुमच्या मोबाइलवर गाण्यांचं जे अ‍ॅप असेल, त्यावर शोधा. सुरुवात ‘स्पेक्ट्रल मॉर्निंग्ज’नं करा. हा अल्बम नेदरलँड्समधल्या हिल्व्हरसमला ध्वनिमुद्रित झाला. हॅकेट तेव्हा आपला फिरता बँड बरोबर घेऊन गेला होता. निक मॅग्नस कीबोर्डला, धाकटा भाऊ जॉन बासरीला. एकत्र वाजवून हात बसलेली माणसं होती ती, आणि ते ऐकू येतं. त्यात कोटो हे तंतुवाद्यही आहे, घड्याळाची टिकटिकही आहे आणि शेवटचं शीर्षकगीत तर शब्दांविना आहे. गिटारच गाते. ते संपल्यावर तुम्हाला पुन्हा लावावंसं वाटलं नाही, तर हा संच तुमचा नाही. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

वाटलं तर ‘व्हॉयेज’कडे जा. तेव्हा तो अजून जेनेसिसमध्येच होता. फिल कॉलिन्स आणि माइक रदरफर्ड दोघेही त्यात वाजवतात. त्यातलं ‘शॅडो ऑफ द हायरोफंट’ अकरा मिनिटांहून मोठं आहे. सॅली ओल्डफील्डचा आवाज आधी येतो. मग तो थांबतो, आणि एकच सुरावट पुन्हा पुन्हा, हळूहळू चढत जाते. खाली खर्ज वाढत राहतो. मोबाइलच्या स्पीकरवर यातलं निम्मं हरवतं. चांगले हेडफोन लावून ऐका.

‘प्लीज डोन्ट टच’वर हॅकेटनं अमेरिकेतले गायक बोलावले. रिची हेवन्स, रँडी क्रॉफर्ड, कॅन्सस बँडचा स्टीव्ह वॉल्श. म्हणून तो जरा विखुरलेला वाटतो. माझं मत विचाराल तर ‘क्युअर्ड’ आणि ‘हायली स्ट्रंग’ यांच्यासाठी कुणी पेटी घेऊ नये. ‘क्युअर्ड’वर त्यानं गायची जबाबदारी स्वतःवर घेतली आणि ड्रमवाल्याच्या जागी बरंचसं यंत्र आलं. काहींना ते आवडतं. तुम्ही त्यांच्यातले असाल तर उत्तमच. पण पहिले चार अल्बम हाच या संचाचा खरा ऐवज आहे.

ते चारही तुमच्याकडे सीडीवर आधीच असतील, तर आणखी थांबा. 2005 साली हे चार अल्बम सुधारून, जादा गाणी घालून सुटे सुटे पुन्हा निघाले होते. त्या सीडी तुमच्या कपाटात असतील, तर पेटीतल्या बऱ्याच गोष्टी तुमच्याकडे आहेतच. पाठीमागची गाण्यांची यादी काढा. पेटीची यादी शेजारी ठेवा. जी गाणी दोन्हीकडे आहेत त्यांवर काट मारा. जे उरलं, त्यासाठी तुम्ही पैसे देणार आहात.

मग नवीन काय उरतं? इथे जरा सावकाश वाचा. पैसे इथेच जातात आणि फसगतही इथेच होते.

पाकिटावर रीमास्टर, रीमिक्स, अपमिक्स असे शब्द असतात. दिसायला सारखे, पण काम वेगवेगळं.

रीमास्टर म्हणजे तयार आमटीला वरून फोडणी. गाणं मुळात जसं जुळवलं होतं तसंच राहतं. त्याचा एकूण आवाज कमीजास्त करतात, थोडी खरखर काढतात, वरचे-खालचे सूर उजळतात. रीमिक्समध्ये तेच जिन्नस घेऊन आमटी नव्यानं करतात. स्टुडिओत गिटार, ड्रम, बासरी, गाणं हे सगळं रुंद टेपवर वेगवेगळ्या पट्ट्यांत साठवलेलं असतं. ती टेप पुन्हा लावायची आणि कोणतं वाद्य किती पुढे, किती मागे, हे नव्यानं ठरवायचं. जुन्या हिंदी गाण्यांवर ठेका चढवून जी रीमिक्स निघत, तसं हे नाही. यात वाजवलेलं सगळं मूळचंच असतं.

हे काम सोपं नाही. सत्तरच्या दशकातल्या काही टेपांचा लेप ओलावा शोषून चिकट झालेला असतो. तशाच लावल्या तर तो लेप सुटून येतो. म्हणून त्या आधी मंद आचेवर कित्येक तास शेकून घेतात आणि मगच वाजवतात.

या संचात हे काम स्टीव्हन विल्सननं केलं आहे. पॉर्क्युपाइन ट्री या बँडचा तो विल्सन. 2009पासून किंग क्रिम्सनचे आणि पुढे जेथ्रो टल, येस यांचे जुने अल्बम त्यानं असेच नव्यानं जुळवले. त्याच्या कामात संयम असतो. जुन्या गाण्याला तो नवे कपडे चढवत नाही. पण एक लक्षात घ्या. विल्सननं रीमिक्स केले आहेत ते दोनच अल्बम: ‘प्लीज डोन्ट टच’ आणि ‘स्पेक्ट्रल मॉर्निंग्ज’. साध्या दोन स्पीकरसाठीही केले आहेत आणि 5.1साठीही, म्हणजे पाच स्पीकर आणि एक खर्जाचा डबा अशा मांडणीसाठी.

‘व्हॉयेज’ आणि ‘डिफेक्टर’ यांचं 5.1 हे अपमिक्स आहे. म्हणजे सुट्या वाद्यांची टेप न वापरता, तयार झालेल्या दोन बाजूंच्या आवाजातूनच काही सूर ओढून मागच्या स्पीकरकडे पसरवले आहेत. खोली भरल्यासारखी वाटते, हे खरं. पण एक वाद्य दुसऱ्यापासून सुटं होत नाही. ‘हायरोफंट’चा तो शेवट चारी बाजूंनी नव्यानं ऐकायला मिळेल, या आशेवर पैसे भरलेत तर निराश व्हाल. माझ्या मते या दोन अपमिक्सना जादा किंमत देऊ नये.

‘स्पेक्ट्रल मॉर्निंग्ज’मधलं ‘क्लॉक्स’ हे गाणं मात्र नव्या मिक्समध्ये जरूर ऐका. टिकटिक सुरू होते, पायानं वाजवायच्या पट्ट्यांचा जाड खर्ज येतो, आणि शेवटी ड्रम कोसळतात. कोणतं वाद्य कुठे आहे, हे बोट दाखवून सांगता येतं. तुमच्या घरी ते नीट वाजणार असेल, तर पेटीचे अर्धे पैसे तिथेच वसूल झाले.

वाजणार आहे का? उठा आणि बघा.

4 डीव्हीडी लावायला डीव्हीडी प्लेअर लागतो. नव्या लॅपटॉपना तबकडीचा कप्पाच नसतो. 5.1 ऐकायला पाच स्पीकर, एक खर्जाचा डबा आणि ते सगळं चालवणारा रिसीव्हर लागतो. टीव्हीखाली ठेवलेल्या एका लांब पट्टीतून 5.1ची खरी मजा येत नाही. भाड्याच्या दोन खोल्यांत पाच स्पीकर मांडायचे, तर घरच्यांनी बसायचं कुठे, हाही प्रश्न आहे. आणि शेजाऱ्यांची भिंतही सामायिक असते.

ही सामग्री नसेल, तर चौदातल्या चार तबकड्यांचा तुम्हाला फारसा उपयोग नाही. पेटीची किंमत दहानं भागून बघा. मग पटते का सांगा.

नंतर कधीतरी स्पीकर घेईन, असं म्हणून पेटी आज घेऊ नका. आधी स्पीकर येऊ द्या.

एवढं सगळं करूनही हवीच असेल, तर घ्या. तुमचा आनंद खरा आहे. आता ती नीट घ्या.

मुंबईत काळा घोडा भागातलं ‘ऱ्हिदम हाउस’ हे संगीताचं दुकान 2016 साली बंद झालं. पूर्वी तिथे अशी पेटी हातात घेता यायची, उलटून मागचं वाचता यायचं. आता बहुतेकांना परदेशातून, आणि तीही सेकंडहँड, मागवावी लागते. विक्रेत्याला आधी विचारा: चौदाही तबकड्या आहेत का? पुस्तक आहे का? तबकड्यांच्या चमकत्या बाजूचे, उजेडात काढलेले फोटो पाठवाल का? जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नका.

साइटवर दिसणारी किंमत शेवटची समजू नका. त्यावर टपालखर्च. त्यावर सीमाशुल्क आणि जीएसटी. कुरिअरवाला आपलं वेगळं शुल्क लावतो. तुमचं कार्डही परकीय चलनाच्या व्यवहारावर काही टक्के कापतं. सगळं कागदावर मांडून बेरीज करा. तो आकडा घरात सांगा. बायकोला, नवऱ्याला, आईवडिलांना, जे कोणी तुमच्याबरोबर खर्च चालवतात त्यांना. लपवून आणलेली पेटी कपाटामागे राहते आणि मोकळेपणानं लावता येत नाही. हप्त्यावर तर मुळीच घेऊ नका. शाळेची फी, औषधं, गावी पाठवायचे पैसे हे आधी.

लंडनला किंवा न्यू जर्सीला तुमचं कुणी असेल आणि सुट्टीत येणार असेल, तर त्यांच्याकडे मागवण्याआधी त्यांना पेटीचा आकार आणि वजन सांगा. त्यांच्या बॅगेत आधीच सगळ्यांच्या वस्तू कोंबलेल्या असतात. जागा नाही म्हणाले तर रागावू नका.

आणि जुन्या एलपी, जुन्या सीडी लगेच विकून पेटीचे पैसे उभे करू नका. 1979 साली लोकांनी जे मिक्स ऐकलं ते त्यांवर आहे. नवं मिक्स आवडेलच असं नाही. कित्येकांना ते फार स्वच्छ वाटतं. दोन्ही ऐका आणि महिन्यानं ठरवा.

पेटी आली की आपल्याकडच्या पावसाची आठवण ठेवा. कोकणात, मुंबईत, गोव्यात जून ते सप्टेंबर जाड पुठ्ठा दमट होतो आणि पुस्तकावर बुरशीचे ठिपके उठतात. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या अधूनमधून बदला. तबकडी पुसायची झाली तर मऊ, कोरड्या कापडानं मधून कडेकडे पुसा, गोल गोल नाही. सीडींच्या प्रती संगणकावर करून ठेवा आणि रोज त्या ऐका. मूळ तबकड्या कमी हाताळल्या जातील.

पण त्याआधी एक काम. पेटी उघडताना मोबाइलवर चित्रीकरण करा. मग विक्रेत्यानं परतीसाठी जी मुदत दिली असेल, तेवढ्यात चौदाही तबकड्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाजवून बघा. फक्त पहिली नाही. संचात बाकीच्या कधी उघडल्याच जात नाहीत, आणि दोन वर्षांनी कळतं की सातवी अडकते. अडकली तर त्याच दिवशी फोटोसकट कळवा आणि बदलून मागा. भीड बाळगू नका, पैसे तुम्ही मोजले आहेत.